करार दिल्लीत होतात, हिशेब भोसरीत लागतो: चेंबरने नेमकी कोणाची बाजू मांडायची?

भोसरीची अनघा (धागालेखिका), ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. २४ जुलैला ब्रिटनबरोबरच्या व्यापार करारावर सह्या झाल्या. ऑगस्टच्या सुरुवातीला अमेरिकेने आपल्या मालावर २५ टक्के जादा शुल्क लावलं आणि २७ ऑगस्टला ते ५० टक्क्यांवर नेलं. १ ऑक्टोबरपासून स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन या एफ्टा देशांबरोबरचा करार लागू झाला. युरोपीय संघाशी बोलणी चालूच आहेत. दर वेळी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आपल्या भागातल्या चेंबर्सची, म्हणजे व्यापारी-उद्योजकांच्या संघटनांची, प्रतिक्रिया असते. कराराचं स्वागत, शुल्काबद्दल चिंता, केंद्राने निर्यातदारांना मदत करावी. मी स्वतः चेंबरची सभासद आहे, वर्गणी भरते, सभांना जाते. त्यामुळे हे काळजीपोटी लिहिते आहे. या प्रतिक्रियांमधून आमच्यासारख्या मशीन शॉपच्या हाती काही लागत नाही.

एफ्टाचंच बघा. 'आता आपला इंजिनिअरिंग माल स्वित्झर्लंडमध्ये स्वस्त होईल' असं कितीतरी जणांकडून ऐकलं. पण स्वित्झर्लंडने औद्योगिक मालावरचं आयात शुल्क १ जानेवारी २०२४ पासून सगळ्याच देशांसाठी शून्य केलंय. करार नसता तरी आपला माल तिथे विनाशुल्कच जात होता. मग या करारातून भोसरी-चाकणच्या कारखान्यांना काय मिळालं? माझ्या मते खरा फायदा आयातीच्या बाजूला आहे. स्विस मशीन टूल्स आणि मोजमापाची उपकरणं टप्प्याटप्प्याने स्वस्त होतील, आणि टूल रूम (साचे आणि हत्यारं बनवणारा विभाग) चालवणाऱ्याला त्याची गरज आहे. शिवाय १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणुकीचं उद्दिष्ट करारात लिहिलंय. त्यातली किती गुंतवणूक आपल्या पट्ट्यात आणायची, यावर चेंबरने बोलायला हवं. 'आयात स्वस्त झाली हे आमच्या फायद्याचं आहे' असं उघड म्हणायला आपण कचरतो. का कचरायचं?

अमेरिकेचं तसंच. सगळीकडे '५० टक्के' हा एकच आकडा फिरतोय. पण मोटारीच्या ठरावीक सुट्या भागांवर मे महिन्यापासून वेगळ्या कलमाखाली २५ टक्के शुल्क आहे आणि त्या भागांना वरचे ५० लागत नाहीत. याच भागांवर जपान आणि युरोपीय संघाला १५ टक्के आहे. म्हणजे तिथे आपली स्पर्धा दहा टक्क्यांच्या फरकाशी आहे. उलट तेच संगणकावर चालणारं सीएनसी यंत्र, तोच कामगार, पण भाग पंपाचा किंवा ट्रॅक्टरचा असेल तर हिशेब पार बदलतो. एकाच शेडमधून निघणाऱ्या दोन पेट्यांची गत वेगळी. मग चेंबरने 'वाहन उद्योगाला फटका' एवढंच म्हणून कसं चालेल? कोणत्या एचएस कोडला (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या क्रमांकाला) किती शुल्क, आपल्या औद्योगिक वसाहतींत त्या कोडाखाली कोण किती पाठवतं, त्यांचे प्रतिस्पर्धी कोण, एवढा तक्ता करायला चेंबरइतकी योग्य संस्था दुसरी कोणती?

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रादेशिक चेंबरचं मत दिल्लीतल्या मोठ्या महासंघांच्या मतासारखं असून उपयोग नाही. आपण मालाच्या जवळ आहोत. कोणाचा फायदा होणार, कोणाचं नुकसान होणार, कशामुळे, हे नाव घेऊन सांगण्याची ताकद प्रादेशिक चेंबरमध्येच आहे. तुमच्या भागातला अनुभव लिहा. सहमत नसाल तर जरूर लिहा.

---

करवीर फोर्जिंग

अनघाताई, विषय अगदी योग्य वेळी काढलात. आमच्याकडे कोल्हापूरजवळ शिरोली आणि गोकुळ शिरगावात अमेरिकेपेक्षा युरोपच्या कार्बन कराची, म्हणजे माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर आयातीच्या वेळी लागणाऱ्या कराची, चर्चा जास्त आहे. १ जानेवारी २०२६ पासून तो प्रत्यक्ष लागू होतोय. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, आता पैसे मोजायचे आहेत. पैसे युरोपातला आयातदार भरणार, पण तो आमच्या दरातूनच वळते करून घेणार, हे उघड आहे.

यातही तुम्ही म्हणता तसंच कोडावर सगळं ठरतं. नट, बोल्ट, स्क्रू ७३१८ या कोडात जातात, त्यांना हा कर आहे. लोखंड-पोलादाच्या इतर वस्तूंचं ७३२६ हे शीर्षकही यादीत आहे. पण तोच तुकडा मशिनिंग होऊन वाहनाचा भाग म्हणून ८७०८ खाली गेला, तर सध्या कर नाही. त्यात परवाच युरोपने नियम सैल केला: जो आयातदार वर्षाला असा माल ५० टनांपेक्षा कमी आणतो त्याला सूट. ही मर्यादा आयातदाराची आहे, आपली नाही. त्यामुळे छोट्या गिऱ्हाइकाला माल देणारे वाचतील, मोठ्या गिऱ्हाइकाचे पुरवठादार अडकतील. आमच्या भागातल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

आता मुख्य मुद्दा. पोलादाच्या बाबतीत या करात विजेचं उत्सर्जन धरत नाहीत, फक्त थेट उत्सर्जन धरतात. पण कच्चा माल म्हणून घेतलेल्या पोलादाचं उत्सर्जन आमच्या मालात मिळवलं जातं. फोर्जिंगवाल्याकडे (तापवलेलं पोलाद ठोकून भाग घडवणाऱ्याकडे) भट्टीत जळतं त्यापेक्षा कितीतरी जास्त उत्सर्जन विकत घेतलेल्या पोलादी बारमधून येतं. तो बार ब्लास्ट फर्नेसच्या, म्हणजे खनिजापासून केलेल्या, पोलादाचा की भंगार वितळवून केलेल्या पोलादाचा, यावर आकडा काही पटींनी बदलतो. आणि हा आकडा पोलाद मिलकडे असतो, आमच्याकडे नसतो! आकडा दिला नाही तर युरोप स्वतःचं ठोकळ मूल्य लावणार आणि ते चढंच असणार.

चेंबरने इथे एकच काम करावं. प्रत्येक हीटच्या (भट्टीतून एका वेळी निघालेल्या पोलादाच्या) टेस्ट सर्टिफिकेटवर रासायनिक घटकांबरोबर टनामागचं उत्सर्जनही छापा, अशी पोलाद मिल्सकडे एकत्रित मागणी करावी. मी एकटा मागितलं तर सेल्समन हसतो. शे-दीडशे खरेदीदारांच्या वतीने चेंबरने मागितलं तर मिलला द्यावं लागेल. या कामाला परिषदा नकोत, चार पत्रं आणि पाठपुरावा लागतो.

---

सोलापूरचा टॉवेलवाला

करवीरदादांनी नीट समजावलं. आमचं टेरी टॉवेलचं दुखणं वेगळं. अमेरिकेत आम्हाला ५० टक्के शुल्क, पाकिस्तानला १९, बांगलादेश आणि व्हिएतनामला २०. टॉवेल हा काही पेटंट असलेला माल नव्हे. गिऱ्हाईक नमुना तोच ठेवून पुरवठादार बदलतं. हॉटेलांना जाणाऱ्या मालाच्या ऑर्डरी थांबल्या की पहिला फटका लूमवरच्या कामगाराच्या पाळ्यांना बसतो. सोलापुरात पूर्व भागात फिरलात तर दिसेल.

ब्रिटनच्या कराराचं मी मनापासून स्वागत करतो. तिथे बांगलादेश आणि पाकिस्तानला आधीपासूनच सवलत होती, आम्ही शुल्क भरून त्यांच्याशी झुंजत होतो. आता निदान एका रेषेत उभे राहू. पण करार अमलात येईपर्यंत मधले महिने कसे काढायचे? पूर्वी छोट्या उत्पादक-निर्यातदाराला शिपमेंटच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत मिळायची. ती योजना ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. अर्थसंकल्पात २,२५० कोटींचं निर्यात प्रोत्साहन मिशन जाहीर झालं, त्यातून अजून हातात काही आलेलं नाही. चेंबरने दुसरं काही नाही केलं तरी चालेल, ही व्याज सवलत परत आणण्यासाठी तरी नेटाने भांडावं.

केंद्राने ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आता त्या सवलतीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलीय. त्याबद्दल आभार मानायला हवेत. सूत स्वस्त झालं तरच आम्ही टिकू.

---

यवतमाळचा कापूसवाला

सोलापूरकर, तुमच्या कामगाराच्या पाळ्या बुडतात याचं मलाही वाईट वाटते. पण आभार कोणाच्या जिवावर मानता, हे एकदा बघा. शुल्क काढलं कधी? १९ ऑगस्टला. आमचा कापूस बाजारात येतो दसरा-दिवाळीच्या सुमारास. मुदत आधी ३० सप्टेंबर होती तेव्हा आम्ही म्हटलं, चला, आपला माल यायच्या आत संपते. मग ती ३१ डिसेंबर केली. म्हणजे आमची पहिली वेचणी, दुसरी वेचणी, सगळी त्या मुदतीत. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर आहे. पण सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की माल घेत नाहीत. या वर्षी पाऊस लांबला, कापूस ओला आहे. ज्याला दिवाळीत पैसा पाहिजे तो व्यापाऱ्याला देते, आणि व्यापारी सांगते, बाहेरून स्वस्त गाठी येत आहेत, भाव नाही.

राज्याच्या चेंबरच्या नावात 'कृषी' आहे, पुण्याच्या चेंबरच्या नावातही 'कृषी' आहे. मग शुल्क काढलं तेव्हा स्वागताच्या पत्रकात कृषी कुठे होती? शेतकरी सभासद किती आहेत हे मला विचारायचं नाही. पण नाव घेतलं आहे तर बाजू मांडावी लागेल.

---

टॉवेलवाला

दादा, तुमचं म्हणणं मला पटतं. आम्ही टॉवेलसाठी जाड काउंटचं सूत वापरतो, त्याचा कापूस बहुतेक इथलाच. आयात गाठींचा आम्हाला थेट उपयोग थोडा, भाव खाली राहतो एवढाच. हे मी वर लिहायला हवं होतं.

---

जुनी दप्तरं

कापूस आणि कापड यांची ही ओढाताण फार जुनी आहे, आणि तिच्यात आजच्या चर्चेला उपयोगी पडेल असा एक प्रसंग आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९३३ मध्ये स्वस्त जपानी कापडाने मुंबईच्या गिरण्या बेजार झाल्या होत्या. सरकारने जूनमध्ये ब्रिटिश नसलेल्या कापडावरचं शुल्क ७५ टक्क्यांपर्यंत नेलं. गिरणीमालक खूश झाले. पण जपानी सूतगिरण्यांनी उत्तर म्हणून हिंदुस्थानी कापसाची खरेदी थांबवली. जपान हा आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचा फार मोठा गिऱ्हाईक होता आणि तो कापूस मोठ्या प्रमाणात वऱ्हाडातून जायचा. म्हणजे मुंबईच्या गिरणीला वाचवलं आणि शेतकरी अडकला. शेवटी १९३४ च्या सुरुवातीला जो समझोता झाला, त्यात दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधल्या: जपानने जितक्या गाठी कापूस घ्यायचा, त्या प्रमाणात त्याला कापड विकायचा कोटा. १० लाख ते १५ लाख गाठींच्या बदल्यात ३२.५ कोटी ते ४० कोटी वार कापड.

समझोता आदर्श होता असं मी म्हणत नाही, तो परक्या सरकारने केला होता. पण कापूस पिकवणारा आणि कापड विणणारा यांचा हिशेब एकाच कागदावर मांडला गेला, हे त्यात महत्त्वाचं. आज कापसाचं शुल्क एका अधिसूचनेने जातं, कापडाची सवलत दुसऱ्या करारात येते आणि दोन्हींचा मेळ कोणी घालत नाही.

दुसरं, 'चेंबरचं एकमुखी मत' ही गोष्ट त्या काळातही नव्हती. १८३६ चं बॉम्बे चेंबर प्रामुख्याने युरोपीय व्यापाऱ्यांचं. म्हणून १९०७ मध्ये हिंदी व्यापाऱ्यांनी इंडियन मर्चंट्स चेंबर काढलं. १९२७ मध्ये वालचंद हिराचंद यांनी महाराष्ट्र चेंबर स्थापन केलं आणि १९३४ मध्ये ए. आर. भट यांच्या पुढाकाराने पुण्याचं मराठा चेंबर उभं राहिलं. वालचंद मूळचे सोलापूरचे, हे टॉवेलवाल्यांना सांगायला नकोच. १९३३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या गिरणीमालकांतर्फे होमी मोदींनी इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड उद्योगाशी मोदी-लीस करार केला तेव्हा अहमदाबादच्या गिरणीमालकांनी त्याला विरोध केला. एकाच धंद्यातली दोन शहरं विरुद्ध बाजूंना उभी होती आणि दोघांनी आपली बाजू छापून, जाहीर सभा घेऊन मांडली. मतभेद लपवण्याची गरज त्यांना वाटली नाही. मतभेद बाहेर दिसले की संस्थेचं वजन कमी होतं, ही समजूत आपल्यात नंतर रुजली असावी. ती आपण सोडायला हवी.

---

नाशिकची द्राक्षवेल

दप्तरकाका, प्रतिसाद साठवून ठेवला आहे.

आमच्याकडून दोन अनुभव. पहिला कांद्याचा. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. ८ डिसेंबरला थेट बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबरात अट गेली, शुल्क २० वर आलं. ते शून्य व्हायला १ एप्रिल २०२५ उजाडला. दीड-पावणेदोन वर्षांत गिऱ्हाइकाला आम्ही एकही भाव ठामपणे सांगू शकलो नाही. लासलगावात लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले, सगळं झालं. परदेशातला खरेदीदार भाव जास्त असला तरी एक वेळ घेतो, पण माल मिळेल की नाही याचीच खात्री नसेल तर दुसरा देश शोधतो आणि परत येत नाही. जिथे शुल्क आपलंच सरकार लावतं, तिथे परदेशाशी केलेल्या कराराचा काय उपयोग? चेंबरने व्यापार धोरणावर बोलताना ही घरची बाजू आधी घ्यावी.

दुसरा अनुभव द्राक्षांचा, आणि तो आशेचा आहे. २०१० मध्ये युरोपने आमचे कंटेनर क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे अडवले. वेलीची वाढ रोखायला वापरायचं ते औषध. कितीतरी बागायतदार कर्जात गेले. तेव्हा शुल्क कमी करा म्हणून ओरडून काही झालं नसतं. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची ग्रेपनेट ही द्राक्षांचा माग ठेवणारी व्यवस्था आधीपासून होती, तिच्यात हे रसायन तपासणीला घेतलं गेलं. बागेची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊस, कंटेनर, सगळं एका साखळीत. आज रॉटरडॅममध्ये पेटी उघडली तर ती कोणत्या बागेतली, हे सांगता येतं. हे काम बागायतदार, निर्यातदार, प्रयोगशाळा आणि सरकार यांनी मिळून केलं, एकट्यादुकट्याला जमलं नसतं. करवीरदादा म्हणतात त्या कार्बनच्या हिशेबाला नेमकी अशीच सामूहिक व्यवस्था हवी. आम्हाला जमलं, तुम्हालाही जमेल.

---

न्हावाशेवा कागदपत्रे

मी कस्टम ब्रोकरकडे, म्हणजे सीमाशुल्काची कागदपत्रं करून देणाऱ्याकडे, काम करतो. करार झाला की लोक फोन करतात, 'आता शून्य ना?' शून्य आपोआप होत नाही.

पहिलं म्हणजे माल करारातल्या नियमांनुसार 'भारतीय' ठरला पाहिजे. काही ठिकाणी कच्च्या मालाचा आणि तयार मालाचा एचएस कोड वेगळा असावा लागतो, काही ठिकाणी ठरावीक मूल्य इथे वाढलेलं असावं लागतं. चिनी बेअरिंग आणून त्याला फक्त पाकीट घातलं तर तो माल भारतीय होत नाही. दुसरं, दाखला. चेंबर्स जे ओरिजिनचे दाखले देतात ते मुख्यतः बिनसवलतीचे, म्हणजे माल भारतातला आहे एवढं सांगणारे. सवलतीचा दाखला आजवर निर्यात तपासणी परिषद, डीजीएफटी (परकीय व्यापार महासंचालनालय) वगैरे यंत्रणांकडून घ्यायचा. एफ्टा आणि ब्रिटनच्या करारांत निर्यातदाराला स्वतःच घोषणा करण्याची मुभा आहे. सोय मोठी, पण जबाबदारीही आपल्यावर आली. उद्या तिथल्या कस्टमने पडताळणी मागितली तर कच्च्या मालाची बिलं, उत्पादन खर्चाचा हिशेब, सगळं दाखवावं लागतं. ज्यांच्याकडे हे कागद नीट नाहीत त्यांनी घोषणा करू नये, असं मी स्पष्ट सांगतो.

तिसरी गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. परदेशात वाचलेलं शुल्क खरेदीदाराचं वाचतं, ते तुमच्या खात्यात येत नाही. दर ठरवताना त्यातला वाटा मागितलात तरच मिळतो. 'तुमचं शुल्क वाचतंय, आमचा दर इतका वाढवा किंवा ऑर्डर इतकी वाढवा' हे बोलायला छोटा निर्यातदार घाबरतो, कारण त्याला वाचलेला आकडाच माहीत नसतो. अनघाताईंच्या तक्त्यात हा एक रकाना नक्की घाला.

---

खेड-चाकण

न्हावाशेवा बंदराला पोचायच्या आधी चाकणचा आंबेठाण चौक आणि तळेगाव चौक पार करायचा असतो हो. तिथल्या कोंडीमुळे, जहाजाची वेळ गाठण्यासाठी गाडी किती आधी काढायची याचा अंदाज कोणालाच देता येत नाही. चाकण-तळेगाव रस्ता आणि पुणे-नाशिक महामार्गाचं रुंदीकरण ही आमच्यासाठी व्यापार धोरणातली पहिली ओळ आहे. चेंबर हा विषय मांडतं, मान्य. पण करारांच्या पत्रकातही तो दर वेळी यायला हवा.

---

स्टुटगार्टहून मृणाल

मी इथे जर्मनीत एका मशीन बनवणाऱ्या कंपनीत खरेदी विभागात आहे, माहेर पिंपरीचं. पुणे आणि हा भाग यांचे संबंध जुने आहेत, इथल्या कितीतरी कंपन्यांचे कारखाने तिकडे आहेत. चर्चा वाचून इथल्या चेंबर्सबद्दल लिहावंसं वाटलं.

जर्मनीत ७९ आयएचके आहेत, म्हणजे उद्योग-व्यापार चेंबर्स. १९५६ च्या कायद्याने सभासदत्व सक्तीचं आहे. हस्तव्यवसाय आणि शेती सोडली तर व्यवसाय कर लागू होणारा जवळजवळ प्रत्येक धंदा आपोआप सभासद, वर्गणी उत्पन्नावर. प्रतिनिधी सभेच्या निवडणुकीत मोठी कार कंपनी असो की कोपऱ्यावरचं दुकान, सभासदाला मत एकच. सगळं छान चालतं असं नाही, सक्तीच्या वर्गणीबद्दल इथेही वाद आहेत. पण कायद्याने चेंबरवर बंधन आहे की मत मांडताना सगळ्या धंद्यांच्या हिताचा तोल राखायचा. २०२० मध्ये इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने एका आयएचकेला राष्ट्रीय महासंघातून बाहेर पडायचा आदेश दिला, कारण महासंघ आपल्या अधिकाराबाहेर जाऊन मतं मांडत राहिला. दावा लावणारा एक पवनऊर्जेतला उद्योजक होता. आपल्या वर्गणीतून आपल्या विरुद्ध मत मांडलं जातंय, हे त्याला मान्य नव्हतं. यवतमाळच्या दादांचा प्रश्न अगदी हाच आहे.

आपल्याकडे सभासदत्व ऐच्छिक आहे. त्यामुळे ज्याला वर्गणी आणि वेळ दोन्ही परवडतं त्याचा आवाज मोठा होतो. हा कोणाचा दोष नाही, रचनाच तशी आहे. पण म्हणूनच लहानांची बाजू मुद्दाम शोधून नोंदवावी लागेल.

खरेदीच्या बाजूने एक सांगते. पुरवठादार निवडताना आम्ही दर बघतोच, पण उत्सर्जनाचा आकडा विचारला आणि आठवड्यात नीट कागद आला, तर त्या पुरवठादाराबद्दल विश्वास बसतो. करवीरदादांची टेस्ट सर्टिफिकेटची कल्पना प्रत्यक्षात आली तर आमच्यासारख्यांचं काम सोपं होईल.

---

भोसरीची अनघा

इतके अभ्यासू प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

मृणाल, रचनेचा मुद्दा फार मोलाचा. त्यात एक भर घालते. छोट्या उद्योगांना ४५ दिवसांत पैसे न दिल्यास ते देईपर्यंत तो खर्च करसवलतीला धरायचा नाही, हे प्राप्तिकर कायद्याचं ४३बी(एच) कलम आलं, तेव्हा चेंबरला ठाम बाजू घेणं अवघड होतं. पैसे थकवणारेही सभासद आणि थकलेलेही सभासद! माझे पैसे ज्या मोठ्या कंपनीकडे अडकतात ती आणि मी एकाच सभागृहात बसतो. तरीही चेंबरने तिथे लहानांच्या बाजूने उभं राहायला हवं, कारण खेळतं भांडवल अडकलेला उद्योग करार कितीही चांगला झाला तरी निर्यात करू शकत नाही.

मी ठरवलंय की चेंबरच्या आंतरराष्ट्रीय व्यापार समितीला रीतसर निवेदन द्यायचं. एकच पानी स्वागत किंवा निषेध नको. प्रत्येक करारावर आणि शुल्कबदलावर फायदा कोणाला, तोटा कोणाला, आणि भिन्नमत असल्यास ते कोणाचं, हे तीन रकान्यांत छापा. कापसाच्या शुल्कावर सूतगिरणी आणि शेतकरी दोघांचं म्हणणं शेजारी शेजारी येऊ दे. मिल्सकडे उत्सर्जनाच्या आकड्याची मागणी त्यात घालते. व्याज सवलतही. न्हावाशेवा, सवलतीतला वाटा मागण्यासाठी लागणारा हिशेब सोप्या तक्त्यात मांडून द्याल का?

---

न्हावाशेवा कागदपत्रे

देतो. दोन-चार नेहमीच्या कोडांचं उदाहरण घेऊन करतो. ८७०८, ७३१८, टेरी टॉवेलचा ६३०२ आणि द्राक्षांचा ०८०६.

---

जालन्याचा स्टीलवाला

निवेदनात मिल्सकडून मागणी करणार असाल तर मिल्सची बाजूही ऐका, ही विनंती. जालन्यात भंगार वितळवून सळ्या करणारे कारखाने आहेत. स्वस्त आयात पोलादाने देशातला भाव पडला की आमच्या सळीचाही पडतो. काही आयात पोलादावर एप्रिलमध्ये २०० दिवसांसाठी लावलेलं १२ टक्के संरक्षक शुल्क नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतंय, आणि ते तीन वर्षांसाठी कायम करावं अशी शिफारस झाली आहे. आम्हाला ते हवं आहे. अनघाताई, तुम्हाला नको असणार, कारण तुमचा कच्चा माल महागतो. तुमच्या तीन रकान्यांत हा विषय पहिला घ्या.

उत्सर्जनाच्या आकड्याबद्दल: भंगारावर चालणाऱ्या आमच्यासारख्यांचा आकडा कमी येईल, तेव्हा तो छापायला आमची हरकत नाही. उलट फायदाच आहे. पण तो मोजून प्रमाणित करून घ्यायचा खर्च एकट्या छोट्या मिलला झेपत नाही. तो कोणी उचलायचा ते निवेदनात लिहा.

---

भोसरीची अनघा

बरोबर बोललात, मला ते शुल्क नको आहे. जास्त पैसे मोजून पोलाद घ्यायचं आणि त्याचे सुटे भाग करून जपानशी स्पर्धा करायची, हे आम्हाला जड जातं. पण तुमचं म्हणणं माझ्या शेजारच्या रकान्यात तुमच्याच शब्दांत जाईल. मजकूर पाठवा. प्रमाणीकरणाच्या खर्चाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. ग्रेपनेटमध्ये प्रयोगशाळेचा खर्च कोणी कसा उचलला, द्राक्षवेल, तुम्ही सांगू शकाल?

---

नाशिकची द्राक्षवेल

संघातल्या जुन्या मंडळींना विचारून उद्या लिहिते.